शुक्रवारचा नंबर

मागच्या महिन्यात आमच्या नव्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. वय तिशीचं, टेबलावर दोन मोबाईल, दोन्ही उताणे. म्हणाले, "मॅडम, संध्याकाळी सहानंतर तुमचा मोबाईल बंद लागतो. शुक्रवारी सुट्टीला तर दिवसभर बंद. घरी काही प्रॉब्लेम आहे का?"

"नाही सर," मी म्हटलं, "प्रॉब्लेम होऊ नये म्हणूनच बंद ठेवते."

"पण समजा, काही अर्जंट निघालं तर?"

अर्जंट! हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अहो, आपण काय इथे हृदयाची ऑपरेशनं करतो? पुठ्ठ्याची खोकी बनवतो. खोकं आज रात्रीऐवजी उद्या सकाळी नऊला बनलं म्हणून आजवर कुणी दगावलेलं नाही. पण प्रत्यक्षात "सकाळी नऊला मी हजर असते, सर," एवढं म्हणून बाहेर आले आणि जागेवर बसून अर्धा तास नुसती धुमसत राहिले. त्या पोराला काय सांगणार, की बाबा, मी फोन का बंद ठेवते त्याला एक कारण आहे, आणि ते कारण तुझ्या-माझ्या मोबाईलच्याही आधीचं आहे. त्याला नाही सांगितलं, म्हणून इथे सांगते.

नव्वदच्या दशकाची पहिली वर्षं. विरार पूर्वेला फुलपाड्यात आमची चार मजली इमारत. लिफ्ट नाही, पाणी एक दिवसाआड, आणि अख्ख्या इमारतीत फोन एकच, तळमजल्यावरच्या काकूंकडे. काकू मूळच्या कुडाळकडच्या. एरवी आमच्यासारखं बोलायच्या, पण राग आला किंवा माया दाटली की थेट मालवणी. त्यांनी कितीतरी वर्षं नंबर लावून ठेवला होता आणि फोन आला तो नेमका त्यांचा एकुलता एक मुलगा आखातात नोकरीला जायच्या महिनाभर आधी. देवानेच धाडला, असं त्या म्हणायच्या. लाल रंगाचा फोन, त्यावर सुनेने विणलेला क्रोशाचा रुमाल, शेजारी बसायला लाकडी स्टूल.

तो नंबर आम्ही सगळ्यांनीच आपापल्या नातेवाईकांना देऊन ठेवला होता. तेव्हा तशी पद्धतच होती. शेजाऱ्यांचा नंबर लिहायचा आणि त्याच्यापुढे पी. पी. अशी दोन अक्षरं टाकायची. लग्नपत्रिकेवर पी. पी., शाळेच्या फॉर्मवर पी. पी. कुणाचा फोन आला की काकू स्वयंपाकघरातला डाव घेऊन जिन्यात यायच्या आणि कठड्याच्या लोखंडी गजावर टोले द्यायच्या. पहिल्या मजल्याला एक, दुसऱ्याला दोन, आमच्या तिसऱ्याला तीन. मग हाक. मला त्या बाय म्हणायच्या. "गो बाय, फोन इलो तुझो!" गुडघे दुखायचे त्यांचे, पण या कामाची कधी कुरकुर केली नाही.

फक्त एक नियम होता, आणि तो इमारतीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होता. शुक्रवारी दुपारी चार ते पाच त्या फोनला कुणी हात लावायचा नाही. ती वेळ काकूंच्या मुलाची. आखातात सुट्टी शुक्रवारी. तो राहायचा कामगारांच्या कॅम्पात, तिथे फोन नाही. शुक्रवारी कंपनीची बस त्यांना शहरात न्यायची. तिथल्या फोनच्या बूथवर ही मोठी रांग. आपली पाळी आली की नंबर लावायचा. लागला तर लागला, एंगेज आला तर पुन्हा रांगेच्या शेवटी. आपल्याकडे पाच वाजले की त्यांची बस परत निघायची.

तो गेला तेव्हा सून पोटुशी होती. आपल्याला मुलगी झाली हे त्याने फोनवरच ऐकलं. दर शुक्रवारी काकू नातीला न्हाऊमाखू घालून, तीट लावून त्या स्टुलावर बसवायच्या आणि रिसीव्हर तिच्या कानाला लावायच्या. पोर दीड वर्षाची झाली तोवर तिच्या लेखी बाबा म्हणजे तो लाल फोन. घंटा वाजली की दुडदुडत यायची आणि "बाबा!" म्हणून हात पुढे करायची. मग फोन पहिल्या मजल्यावरच्यांच्या मामांचा का असेना.

आता माझं सांगते. मी तेव्हा सातिवलीला एका कारखान्यात होते. औषधाच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनायची तिथे. ऑफिसात मी एकटी. चलन, गेटपास, हजेरी, कुठला माल कुठल्या रॅकवर, सगळं माझ्याकडे. त्या भागातल्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी रविवारी नाही, शुक्रवारी. वीज पुरवायची म्हणून भागाभागाला सुट्टीचे वार वाटून दिलेले, त्यात आमच्या वाट्याला शुक्रवार आला होता. सगळं जग रविवारी मटण शिजवायचं तेव्हा आम्ही डबा घेऊन कामाला. पण मुंबईतल्या पार्ट्यांना हे कुठलं लक्षात राहायला? शुक्रवारी त्यांची ऑफिसं चालू, आमचा कारखाना बंद, आणि आमचा फोन आपला रिकाम्या खोलीत ठणाणत राहायचा.

आमचे मालक फार गोड बोलायचे. मेलं हेच तर वाईट. खेकसणारा मालक परवडला, त्याला निदान मनातल्या मनात शिव्या तरी घालता येतात. हे म्हणायचे, "ताई, तुम्ही नोकर नाही हो, तुम्ही आमच्या घरच्याच." घरच्याच! घरच्या माणसाला कामाची वेळ नसते, घरच्या माणसाला सुट्टी नसते, आणि घरच्या माणसाने 'नाही' म्हटलं की तो लगेच परका होतो. हे कळायला मला फार वर्षं लागली.

नोकरीला लागताना फॉर्ममध्ये एक रकाना होता, तातडीच्या वेळी संपर्क. मी काकूंचा नंबर लिहिला, पुढे पी. पी. तातडी म्हणजे काय? माझ्या डोक्यात होतं की मी कारखान्यात चक्कर येऊन पडले तर घरी कळवायला असावा. त्यांच्या डोक्यात होतं की त्यांना स्टेपलर सापडला नाही तर मला विचारायला असावा.

आणि विचारायचे हो! संध्याकाळी सातला जिन्यात तीन टोले पडायचे. कणकेचे हात तसेच घेऊन मी तीन मजले उतरायची, काळजाचं पाणी पाणी, की गावाकडे सासऱ्यांना काही झालं की काय. आणि पलीकडून मालक, "ताई, ती हिरवी फाईल कुठे ठेवलीत?" मी म्हणायची, कपाटात, मालक, हिरव्या फाईली जिथे असतात तिथे. "वा! तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही बघा." खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला ते ऐकून बरं वाटायचं. जिना चढताना जरा तोऱ्यातच चढायची मी. माझा नवरा म्हणायचा, "नोकरी तुझी, फोन काकूंचा, गुडघे दोघींचे, आणि पान मात्र त्याचं हलतंय." मी त्याच्यावरच डाफरायची.

मग एक दिवस काकूंकडे अनोळखी माणसांचे फोन यायला लागले. "हॅलो, झाकणवाले का?" काकू म्हणायच्या, "कसली झाकणां?" तोवर नात धावत यायची, रिसीव्हर ओढून "बाबा?" म्हणायची आणि पलीकडचा वैतागायचा, "अरे, किसी बड़े को दो!" पोर बावरून आजीकडे बघायची. असं दोन-तीन शुक्रवार झालं. मला काही उलगडा होईना. शेवटी छापखान्यातून नवीन बिलबुकं आली, आणि मी पहिलंच पान उघडलं तर काय! कारखान्याच्या नावाखाली, पत्त्याच्या शेजारी, ठळक अक्षरात, 'शुक्रवारी व सायंकाळी ६ नंतर', आणि पुढे काकूंचा नंबर. व्हिजिटिंग कार्डं त्याआधीच छापून वाटून झाली होती, त्यांच्यावरही तेच. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच!

मी तशीच आत गेले. "मालक, हा नंबर आमच्या शेजाऱ्यांचा आहे."

"हो की, तुमच्या इथलाच दिलाय."

"तुमच्या घरचा का नाही घातलात?"

"अहो, शुक्रवारी दुपारी मी जरा आडवा होतो," मालक म्हणाले, "आणि हिला फोनची कटकट खपत नाही. तुम्ही काय, घरच्याच."

त्यांची झोप मोडू नये म्हणून! त्यांच्या बायकोला कटकट नको म्हणून! आणि माझ्या काकूंचे गुडघे काय रस्त्यावर पडले होते? हे सगळं मी बोलायला हवं होतं. बोलले काय? "बरं, पण शुक्रवारी चार ते पाच तेवढं नको. त्यांच्या मुलाचा परदेशातून फोन असतो." भीड ही भिकेची बहीण, आमची आजी म्हणायची, आणि मी तिची पक्की मैत्रीण. मालकांनी हात जोडले. "अगदी, अगदी. लक्षात ठेवतो."

काकूंना मी सगळं सांगितलं, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जावंदे गो. फोन काय झिजता? माझ्या झिलाचो तेवढो फोन येवंदे, बाकी जग काय बोलता ता बोलांदे." झील म्हणजे मुलगा.

त्याच सुमाराला त्या झिलाचं दोन वर्षांचं कंत्राट संपत आलं होतं. कंपनी म्हणत होती, आणखी दोन वर्षं सही कर, नाहीतर तिकीट घे आणि जा. त्याला यायचं होतं. लेकीला अजून एकदाही उचलून घेतलं नव्हतं त्याने. पण इथे येऊन करणार काय? काकूंनी वसईतल्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये ओळखीने त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. मुलगा एका शुक्रवारी म्हणाला, "आये, पुढच्या शुक्रवारी शेवटचां विचारतंय. काम जमला आसात तर मी सही करनय नाय. शनिवारी सकाळी कंपनीक सांगूक होया."

बुधवारी वर्कशॉपवाल्यांचा होकार आला. काकूंनी शिरा करून सगळ्या बिऱ्हाडांत वाटला. मला दोन वाट्या जास्त, कारण मी म्हणे बारीक झाले होते. काकू नुसत्या तरंगत होत्या. कॅम्पात फोन नाही, पत्र पोचायला तीन आठवडे, तेव्हा शुक्रवारी चार ते पाच हीच काय ती वेळ. आणि सांगायचं तरी किती? काम मिळालं, ये. बस. सून लेकीला बजावत होती, "बाबांना सांगायचं, ये. काय सांगायचं?" पोर म्हणायची, "ये!"

गुरुवारी मी काकूंना म्हटलं, "उद्या माझ्यासाठी कुणाचाही फोन आला तरी सांगा, ती गावाला गेली. मी खाली यायचीच नाही." काकूंनी मान हलवली.

शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी खाली घंटा वाजली. मी वर पडवळ चिरत होते, हातातली सुरी थांबली. इतक्या लवकर लागला, म्हटलं, चला. घंटा थांबली. मिनिटभरात पुन्हा वाजली. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा वाजली, आणि मग जिन्यात टोले ऐकू आले. एक, दोन, तीन.

मी धावत उतरले. काकू दारात, चेहरा पांढरा. "तुझे मालक. दोनदा सांगलंय, बाय गावाक गेली म्हणान. पण तो म्हणता अर्जंट आसा, जिवावरचा काम आसा. कोणाचो हात-बीत मशिनीत गेलो की काय गो?"

त्यांना तसं वाटलं, कारण त्या माणूस होत्या. मी रिसीव्हर घेतला.

"ताई! बरं झालं सापडलात," मालकांचा आवाज अगदी फुललेला. "अंधेरीची पार्टी स्वतः गाडी घेऊन आलीय. म्हणून मुद्दाम येऊन कारखाना उघडला. निळ्या झाकणांचं खोकं कुठेय?"

निळ्या झाकणांचं खोकं! मला एवढंच आठवतं की माझे कान तापले. तरी सांगितलं, "मागच्या रॅकवर, खालून दुसरा खण. मालक, मी ठेवते, हा फोन मोकळा..."

"धरा हां ताई. बघून येतो, एक मिनिट." आणि खट्कन रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज.

धरा म्हणाले, आणि मी धरला. हे लिहितानाही माझी मला लाज वाटते. समोर भिंतीवर घड्याळ, चार वाजून सतरा मिनिटं. बाजूला काकू, त्यांच्यामागे सून, तिच्या कडेवर इस्त्रीचा फ्रॉक घातलेली पोर. तिघी माझ्याकडे बघतायत आणि मी कुणा माणसाने धरा म्हटलं म्हणून रिकामा फोन कानाला लावून उभी. कानात काय, तर त्यांच्या ऑफिसातल्या पंख्याची किरकिर. एक मिनिट गेलं. दोन गेली. काकू भिडस्त, नुसतं पदराचं टोक पिळत होत्या. चार वाजून बावीस मिनिटांनी मी एकदाचा रिसीव्हर आपटला. पाच मिनिटं. पाच मिनिटं धरला होता मी.

जरा वेळाने काकूंनी हळूच उचलून बघितला. पंख्याची किरकिर.

आमच्याकडच्या त्या जुन्या एक्स्चेंजची ही खोड होती. ज्याने फोन लावला त्याने ठेवल्याशिवाय लाईन सुटायची नाही. तुम्ही इकडे शंभरदा ठेवा. तिकडे सातिवलीत टेबलावर एक रिसीव्हर उताणा पडलेला आणि इकडे फुलपाड्यात काकूंचा फोन बांधला गेलेला.

मी रिसीव्हर हिसकावून घेतला आणि ओरडायला लागले. "अहो मालक! मालक, फोन ठेवा!" इमारतीतली माणसं जमली. सून पोरीला आजीकडे देऊन चपलाही न घालता कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर धावली, कारखान्याला फोन लावायला. तो एंगेज. लागणार कसा? ती रडत परत आली. मी ओरडतेच आहे. मध्येच पलीकडून, खोलीबाहेरून असावेत, माणसांचे आवाज आले. कपबशांचा आवाज. कुणीतरी मोठ्याने हसलं. मालक म्हणाले, "घ्या हो, अजून अर्धा कप घ्या." म्हणजे खोकं सापडलं होतं. माल गाडीत चढला होता. मला फोनवर धरून ठेवलंय हेच ते विसरले होते.

पोरीला वाटलं, सगळे बाबांशी बोलतायत. तिने आजीच्या कडेवरून वाकून रिसीव्हरला दोन्ही हात घातले आणि शिकवलेलं सगळं म्हटलं. "बाबा, ये! ये! ये!" त्या रिकाम्या खोलीत, झाकणांच्या नमुन्यांच्या टेबलावर, तिचं ते ये जाऊन पडलं असेल. तिला कुणी थांबवलं नाही.

लाईन सुटली तेव्हा सव्वापाच होऊन गेले होते. काकूंनी रिसीव्हर ठेवला, क्रोशाचा रुमाल नीट पसरला आणि म्हणाल्या, "चला, दिवो लावची वेळ झाली." दिवेलागणीला अजून बराच अवकाश होता.

शनिवारी मी कारखान्यात गेले. तिकडे त्याच सकाळी काकूंचा मुलगा कंपनीला उत्तर देणार होता, हे माझ्या डोक्यात सारखं घणासारखं पडत होतं. मालक आले, मी उभी राहिले, म्हटलं, "काल तुम्ही फोन ठेवला नाहीत."

"अरे हो!" ते हसले. खरंच हसले. "रिसीव्हर टेबलावरच राहिला की! जाताना पाहिलं. पण माल गेला हां वेळेत. पार्टी खूश."

मी सांगितलं, काय झालं ते. त्यांनी च् च् केलं. "अरेरे. पण करेल की हो परत. मुलगा आहे, कुठे जातोय? ताई, तुम्ही फार मनाला लावून घेता."

मी कपाटातली सगळी बिलबुकं काढली आणि टेबलावर रचली. जाड काळं पेन घेतलं. पहिलं पान, काकूंचा नंबर, त्यावर रेघ. दुसरं पान, रेघ. नुसती रेघ नाही, अक्षर दिसेनासं होईपर्यंत. "हे काय चाललंय? नवीकोरी बुकं आहेत ती!"

"हा नंबर माझा नाही. तुमचा तर नाहीच नाही. ज्यांचा आहे त्यांना कुणी विचारलं नव्हतं."

"मग पार्ट्यांनी शुक्रवारी करायचं काय?"

"तुम्हाला उठवायचं."

बाहेर मशीनवरचे दोघे-तिघे कान देऊन उभे होते. मालकांचा चेहरा उतरला. "ताई, घरच्या माणसाने असं बोलावं?"

"माझं घर फुलपाड्यात आहे," मी म्हटलं. माझं तोंड आता थांबायला तयार नव्हतं. "सहा वाजले की मी तुमची नाही. शुक्रवारी मी तुमची नाही. कारखान्याला आग लागली तर बंब बोलवा, मला बोलवू नका. ठेवायचं असेल तर ठेवा, नाहीतर आत्ता हिशेब करा."

ठेवलं. माझ्यावरच्या प्रेमाने नव्हे. कुठला माल कुठल्या रॅकवर ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं म्हणून. दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. काय शांतता होती! सहा वाजता मी टेबल आवरायची, सव्वासहाला फाटकाबाहेर. जगबुडी काही झाली नाही. हिरव्या फाईली त्यांच्या त्यांना सापडायला लागल्या. एवढं सोपं होतं ते, आणि मी ते एक शुक्रवार उशिरा केलं.

कारण पुढच्या शुक्रवारी मुलाचा फोन आला. तो दोनदा रांगेत उभा राहिला होता, दोन्ही वेळा एंगेज. बस सुटायची वेळ झाली. त्याला वाटलं, काम जमलं असतं तर आईने त्या वेळी फोन मोकळा ठेवला नसता का? म्हणजे जमलं नसणार. शनिवारी सकाळी त्याने सही करून टाकली. आणखी दोन वर्षं.

हे सांगायला काकू स्वतः तीन मजले चढून आल्या. मधल्या मजल्यावर बसून, दम घेऊन. मी दार उघडलं आणि मला वाटलं, आता बोलतील, शिव्या देतील, द्याव्यातच. त्यांनी माझा हात धरला. "तुझो काय दोष गो? तो मेलो रिसीव्हर ठेवूक इसारलो. तू मनाक लावन घेव नको." त्यापेक्षा चार मुस्कटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं. मालकही म्हणाले होते, मनाला लावून घेऊ नका. तेच शब्द, पण हे म्हणणारं माणूस दोन वर्षांना मुकलेलं होतं.

जुनी कार्डं बाजारात फिरतच होती. वर्षभर तरी काकूंकडे झाकणवाल्यांसाठी फोन येत राहिले. काकूही मग तरबेज झाल्या. "हंय झाकणां-बिकणां काय नाय, ह्यां माझां घर आसा," म्हणून धाडकन ठेवायच्या. मी दरवेळी ऐकून शरमेने अर्धी व्हायची. पुढे मी तो कारखाना सोडला, दुसरीकडे लागले, आणि तिथल्या फॉर्मवर संपर्काचा रकाना कोरा ठेवला.

तर साहेब, हे असं आहे. तुमच्या हातात दोन मोबाईल आहेत, तुम्हाला लाईन अडकणं म्हणजे काय ते ठाऊक नाही. आता लाईन अडकत नाही, माणूस अडकतं. परवा मी पाहिलं तुम्हाला कँटीनमध्ये, एका कानाला तुमचे वरचे साहेब आणि दुसऱ्या फोनवर बायकोचं नाव लुकलुकतंय, आणि तुम्ही ते बोटाने बंद केलंत. मी बघितलं. म्हणून शेवटचं सांगते आणि थांबते.

दोन वर्षांनी काकूंचा मुलगा आला. विमानतळावरून टॅक्सी करून आला तो नेमका शुक्रवारीच, दुपारी चारच्या सुमाराला. माझी सुट्टी होती. अख्खी इमारत खाली. काकूंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, सून दाराआड उभी राहून रडत होती. त्याच्या केसांत पांढरं आलेलं. तो दारातून सगळ्यांच्या डोक्यांवरून आत बघत होता, लेकीला शोधत.

लेक साडेतीन वर्षांची झाली होती. ती लाल फोनशेजारच्या स्टुलावर बसलेली होती, दर शुक्रवारसारखी, केस विंचरून, पाय जुळवून. एवढी माणसं घरात शिरलेली तिला आवडलेली दिसली नाहीत. तो पुढे गेला, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि काहीतरी बोलायला गेला.

तिने रिसीव्हरवर हात ठेवला आणि त्याला म्हणाली, "काका, आत्ता नाही बोलायचं. चार वाजलेत. माझ्या बाबांचा फोन यायचाय."